आयातीचा धक्का, निर्यातीचे जहाज

एखादा देश ऊर्जेच्या बाबतीत परावलंबी आहे की निर्यातदार, हे ठरवण्याची मोजपट्टी वरवर पाहता फार सोपी आहे. वर्षभरात देशाबाहेर गेलेला कोळसा, खनिज तेल, त्यापासून बनलेली इंधने, नैसर्गिक वायू आणि वीज हे सारे ऊर्जेच्या एकाच एककात मांडायचे, त्यातून त्याच मापाने देशात आलेली ऊर्जा वजा करायची आणि बाकी अधिक उरते की उणे, एवढे पाहायचे. या बाकीलाच निव्वळ निर्यात किंवा निव्वळ आयात म्हणतात. या हिशेबात अमेरिकेची संयुक्त संस्थाने १९५३ साली उण्या बाजूला गेली, १९५३ ते २०१८ अशी ६६ वर्षे तिथेच राहिली आणि २०१९ मध्ये अधिक बाजूला परतली. जगात सर्वाधिक तेल वापरणाऱ्या देशाने अशी कूस बदलावी ही घटना मोठी आहेच, परंतु ती ज्या रीतीने घडली ते अधिक विचार करण्याजोगे आहे. हे स्वावलंबन घडवून आणण्यासाठी ज्या राष्ट्रीय योजना आखल्या गेल्या त्यांच्या हातून ते घडले नाही; ते घडण्याच्या ऐन तोंडावर सरकारी भाकिते, बड्या तेल कंपन्या आणि भांडवलाचा बाजार हे तिघेही आयात वाढणार असे धरून चालले होते; आणि निर्यातदार झाल्यावर देश जगाच्या बाजाराच्या कचाट्यातून सुटेल ही जी अपेक्षा होती, तिच्या जवळजवळ उलट अनुभव आला.

अमेरिकेला तेलाची टंचाई ही मुळात नवी गोष्ट होती. पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल या गावी १८५९ च्या ऑगस्टमध्ये एडविन ड्रेक याच्या विहिरीला जेमतेम ७० फुटांवर तेल लागले तेव्हापासून पुढे शतकभर या देशाची अडचण तुटवड्याची नव्हती, अतिरेकाची होती. १९३० मध्ये पूर्व टेक्सासात प्रचंड तेलक्षेत्र सापडल्यावर भाव इतके कोसळले की प्रत्येक विहिरीतून महिन्याला किती तेल काढू द्यायचे याचा कोटा ठरवण्याची वेळ आली, आणि हे काम ज्या सरकारी मंडळाकडे गेले त्याचे नाव टेक्सास रेलरोड कमिशन असे होते. रेल्वेचे नियमन करण्यासाठी स्थापन झालेल्या या मंडळाकडे तेलाच्या नळवाहिन्याही वाहतुकीचेच साधन म्हणून सोपवल्या गेल्या आणि वाहिन्यांमागोमाग विहिरीही त्याच्या अखत्यारीत आल्या. उत्पादन आखडून भाव टिकवण्याची ही युक्ती पुढे १९६० मध्ये स्थापन झालेल्या ओपेक या तेलनिर्यातदार देशांच्या संघटनेने समोर ठेवली, हे या इतिहासातील एक मार्मिक वळण आहे. स्वस्त परदेशी तेलाने देशी विहिरी बंद पडू नयेत म्हणून १९५९ पासून अमेरिकेने आयातीवर सक्तीची मर्यादाही घातली होती. शेल या तेल कंपनीतील भूवैज्ञानिक मॅरियन किंग हबर्ट यांनी १९५६ मध्ये मांडले होते की देशाचे तेल-उत्पादन १९६५ ते १९७० च्या दरम्यान शिखर गाठून उतरणीला लागेल. तेव्हा बहुतेकांनी ते हसण्यावारी नेले. १९७० मध्ये उत्पादन दिवसाला ९६ लाख पिंपांवर (एक पिंप म्हणजे १५९ लिटर) पोहोचले आणि तेथून खरोखरच घसरू लागले. १९७२ च्या मार्चमध्ये टेक्सासच्या मंडळाने कोटा शंभर टक्क्यांवर नेला, म्हणजे नळ पूर्ण सोडून दिला; आणीबाणीसाठी हात राखून ठेवलेले असे तेथे आता काही उरलेले नव्हते.

त्यानंतर दीड वर्षातच, १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये, इस्रायलशी चाललेल्या युद्धाच्या काळात अरब देशांनी अमेरिकेला तेल विकणे थांबवले आणि पिंपाचा भाव काही महिन्यांत ३ डॉलरच्या आसपासून जवळजवळ १२ डॉलरवर गेला. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी ७ नोव्हेंबर १९७३ रोजी ‘प्रोजेक्ट इंडिपेंडन्स’ जाहीर करून १९८० पर्यंत परदेशी ऊर्जेवरचे अवलंबन संपवण्याचे उद्दिष्ट ठेवले. महामार्गांवर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. १९७५ च्या ऊर्जा कायद्याने मोटारींना इंधन-कार्यक्षमतेचे मानक लावले, मेक्सिकोच्या आखाताकाठी मिठाच्या घुमटांत खोदलेल्या पोकळ्यांमध्ये तेलाचा राखीव साठा करण्याची तरतूद केली आणि देशी कच्च्या तेलाच्या निर्यातीवर बंदी घातली. या उपायांतील काही उपयोगी ठरले, विशेषतः मोटारींचे मानक आणि राखीव साठा. तथापि १९८० उजाडले तेव्हा निव्वळ आयात १९७३ पेक्षा कमी झालेली नव्हती. अलास्काच्या उत्तर टोकावरील प्रूडो बे क्षेत्रातून ८०० मैलांची नळवाहिनी १९७७ मध्ये सुरू झाली, तिने घसरण काही वर्षे लांबवली इतकेच. १९८६ मध्ये भाव कोसळल्यावर काटकसरीचा उत्साहही मावळला आणि २००५ मध्ये निव्वळ आयात दिवसाला सुमारे १ कोटी २५ लाख पिंपांवर, म्हणजे देशाच्या एकूण तेलवापराच्या ६० टक्क्यांवर, जाऊन ठेपली. तीन वर्षांनी देशी उत्पादन दिवसाला ५० लाख पिंपांपर्यंत खाली आले होते.

यानंतरची कलाटणी शेल नावाच्या खडकातून आली, आणि ती समजून घ्यायची तर त्या खडकाची घडण पाहावी लागते. प्राचीन समुद्रतळांवर साठलेला बारीक चिखल आणि त्यात गाडले गेलेले सूक्ष्म जीवांचे अवशेष कोट्यवधी वर्षे दाबाखाली व उष्णतेत राहिले की त्या चिखलाचा पापुद्र्यांचा घट्ट खडक होतो, तोच शेल. आणि त्यातील जैव द्रव्यापासून तेल व वायू तयार होतात. यातला काही भाग हळूहळू निसटून वरच्या वाळूच्या खडकात किंवा चुनखडीत जाऊन साठतो. दीडशे वर्षे तेलउद्योग या निसटलेल्या वाट्यावरच जगला, कारण वाळूच्या खडकात कणाकणांमध्ये जोडलेल्या पोकळ्या असतात आणि विहीर तेथवर पोहोचली की द्रव तिच्याकडे आपसूक वाहत येतो. खडकातून द्रव किती सहज वाहू शकतो या गुणाला पार्यता म्हणतात. कोकणातल्या जांभ्यात पडलेले पावसाचे पाणी पाहता पाहता मुरते आणि सह्याद्रीच्या अखंड काळ्या पाषाणावरून ते निथळून जाते, हा फरक पार्यतेचा असतो. चांगल्या वाळूच्या खडकाशी तुलना करता शेलची पार्यता लाखो पटींनी कमी असते. म्हणजे जो खडक तेल-वायूची जन्मभूमी आहे तोच ते सोडायला तयार नसतो. शेलमध्ये इंधन आहे हे कोणापासून लपलेले नव्हते. ते परवडेल अशा खर्चात बाहेर कसे काढायचे, हाच प्रश्न होता.

त्याच्या उत्तरातील प्रत्येक घटक जुना होता. विहिरीत प्रचंड दाबाने द्रव दाबून खडकाला भेगा पाडण्याचा, म्हणजेच जलीय भंजनाचा किंवा फ्रॅकिंगचा, पहिला प्रयोग १९४७ मध्ये कॅन्सस राज्यातील ह्यूगोटन वायुक्षेत्रात झाला होता. दाब काढून घेतला की भेगा पुन्हा मिटतात, म्हणून द्रवाबरोबर वाळू पाठवतात. तिचे कण भेगांत अडकून पाचरीसारखे त्या उघड्या ठेवतात आणि वायूला वाट मिळते. विहीर सरळ खाली नेऊन मग थराच्या दिशेने वळवण्याचे आडवे वेधनही १९८० च्या दशकात रूढ झाले होते, आणि शेलचा थर शेपन्नास मीटर जाडीचा पण शेकडो किलोमीटर पसरलेला असल्याने उभ्या विहिरीपेक्षा त्यात आडवी शिरलेली विहीर कितीतरी अधिक खडकाला भिडते हे उघडच होते. केंद्र सरकारने १९७६ मध्ये पूर्वेकडील राज्यांतील शेलच्या अभ्यासाचा प्रकल्प हाती घेतला होता, १९८० पासून अवघड खडकांतल्या वायूला करसवलत दिली होती, आणि भेगा पडताना होणारी सूक्ष्म कंपने टिपून त्या कोणत्या दिशेने गेल्या हे ओळखण्याचे तंत्र सरकारी प्रयोगशाळांत वाढले होते. शेलच्या यशाचे सारे श्रेय खासगी उद्योजकतेला देणारे आणि सारे सरकारी संशोधनाला देणारे, असे दोन्ही पक्ष आपापल्या सोयीचा अर्धा इतिहास सांगतात. सरकारने पेरलेले बरेचसे बियाणे करपले. हे उगवले, कारण एक हट्टी माणूस परवडत नसतानाही त्याला पाणी घालत राहिला.

तो माणूस म्हणजे जॉर्ज मिचेल. ग्रीसमध्ये शेळ्या राखणाऱ्या आणि पुढे टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बंदरात स्थिरावलेल्या स्थलांतरिताच्या या मुलाची कंपनी मध्यम आकाराची होती. शिकागोला वायू पुरवणाऱ्या वाहिनीशी तिचा दीर्घ मुदतीचा करार होता आणि जुन्या विहिरी आटत चालल्याने तो पाळण्याची तिला विवंचना होती. तिने १९८१ मध्ये फोर्ट वर्थ शहराजवळच्या बार्नेट शेल या सुमारे सव्वादोन किलोमीटर खोलीवरच्या थरात पहिली विहीर खणली आणि पुढची सतरा वर्षे ती पैसा ओतत राहिली. त्या काळची रीत अशी की भंजनाच्या द्रवात दाटपणा आणणारे पदार्थ घालून त्याची खळ करायची, म्हणजे वाळू तरंगत दूरपर्यंत जाते. परंतु ही खळ महाग पडे आणि बारीक भेगा तिनेच तुंबत. कंपनीतील अभियंता निक स्टाइन्सबर्गर यांनी पूर्व टेक्सासात दुसऱ्या एका कंपनीने केलेल्या प्रयोगाच्या आधारे १९९७-९८ मध्ये खळ जवळजवळ काढून टाकली, पाण्यात घर्षण कमी करणारे थोडे रसायन आणि अल्प वाळू घातली, आणि पाण्याचे प्रमाण मात्र वाढवले. खर्च घटला आणि वायूही अधिक काळ व अधिक वेगाने येऊ लागला. २००२ मध्ये डेव्हन एनर्जी या कंपनीने मिचेल यांची कंपनी विकत घेतली आणि या पातळ द्रवाच्या भंजनाला आपल्या आडव्या वेधनाची जोड दिली. त्या जोडणीनंतर जे झाले त्यालाच शेलक्रांती म्हणतात.

खळ मात्र पूर्णपणे हद्दपार झाली नाही. वायूपेक्षा जाड आणि सावकाश वाहणाऱ्या तेलासाठी भेगा रुंद लागतात आणि त्यांत वाळूही भरड व भरपूर लागते. पातळ पाण्यात ती वाटेतच खाली बसते. म्हणून उत्तर डकोटातील बाकेन आणि दक्षिण टेक्सासातील ईगल फोर्ड या तेल देणाऱ्या शेलथरांत दाट द्रवाची गरज राहिली, आणि तो दाटपणा पुरवणारी वस्तू मराठी स्वयंपाकघराला अनोळखी नाही. गवारीची शेंग कोवळी असताना भाजीला येते. ती जून होऊन वाळली की तिच्यातील दाणा फोडून साल आणि डाळीतला अंकुर बाजूला काढतात व उरलेल्या पांढुरक्या गराची पूड करतात, तोच गवार गम. चिमूटभर पूड पेलाभर पाण्यात ढवळली की पाणी तारेवर येते. जगातील गवारीपैकी सुमारे ८० टक्के पीक भारतात, मुख्यतः राजस्थान व हरियाणाच्या कोरडवाहू जमिनीत येते, आणि २०११-१२ च्या हंगामात अमेरिकेच्या तेलविहिरींनी तिच्यावर अशी झडप घातली की भाव वर्षभरात जवळपास दसपट झाले. वायदेबाजारातील सट्टा आवरेना तेव्हा मार्च २०१२ मध्ये गवारीचे वायदे थांबवावे लागले. राजस्थानात कोणी ट्रॅक्टर घेतले, कोणी घरे बांधली. २०१४ च्या उत्तरार्धात तेलाचे भाव पडताच गवारही पडली. उत्तर डकोटातल्या वेधनयंत्रांची संख्या बिकानेरच्या आडतीवर परिणाम करू लागली होती.

हा खडक केवळ अमेरिकेतच होता असे नाही. पोलंडमध्ये शेलवायूबद्दल मोठ्या आशा होत्या आणि काही वर्षांत कंपन्यांनी तेथून काढता पाय घेतला. चीनमध्ये थर मोठे असूनही उत्पादन संथ गतीने वाढले. फरक पडला तो खडकाइतकाच मालकीमुळे. भारतासह बहुतेक देशांत खनिज तेल काढण्याचा परवाना सरकारकडून घ्यावा लागतो. अमेरिकेत खासगी जमिनीखालचे खनिज हे सर्वसाधारणपणे खासगीच असते, ते जमिनीपासून वेगळे करून विकता किंवा भाड्याने देता येते, आणि उत्पन्नाचा आठव्या हिश्शापासून चौथ्या हिश्शापर्यंतचा वाटा मालकाला स्वामित्वधन म्हणून मिळतो. ज्याच्या शेतात विहीर येणार त्याला ती हवीशी वाटण्याचे हे साधे कारण होते. पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क या शेजारी राज्यांखाली मार्सेलस हा एकच थर पसरला आहे. न्यूयॉर्कने २०१४ मध्ये भंजनावर बंदी घातली, तर पेनसिल्व्हेनिया देशातील दुसऱ्या क्रमांकाचे वायुउत्पादक राज्य झाले. याच्या जोडीला शेकडो लहान कंपन्या, भाड्याने मिळणारी वेधनयंत्रे, आधीपासून अंथरलेले वाहिन्यांचे जाळे आणि २००८ च्या मंदीनंतर जवळजवळ फुकट मिळणारे कर्ज होते. कर्जाचा उल्लेख यशोगाथांत सहसा पुसट असतो. शेलच्या विहिरीचे उत्पादन पहिल्याच वर्षात ६० ते ७० टक्क्यांनी घसरते, त्यामुळे एकूण उत्पादन नुसते टिकवायचे तरी नव्या विहिरी खणत राहावे लागते. हे रहाटगाडगे दुसऱ्यांच्या पैशावर चालले, आणि कित्येक वर्षे कंपन्यांनी विहिरींतून जेवढे मिळवले त्याहून अधिक विहिरींत घातले. ओपेकने २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये उत्पादन न घटवण्याचे ठरवल्यावर भाव ढासळले तेव्हा अनेक कंपन्या बुडाल्या, पण विहिरी बुडाल्या नाहीत. त्या स्वस्तात नव्या मालकांकडे गेल्या. २० एप्रिल २०२० रोजी, महासाथीमुळे मागणी आटलेली आणि साठवायला टाक्या उरलेल्या नसताना, अमेरिकी तेलाचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला; म्हणजे विकणारा माल उचलून नेण्यासाठी वर पैसे देत होता.

तेलाच्या आकड्यांवर फार अडून राहण्याचे कारण नाही: २००८ मधील ५० लाख पिंपांचे दैनिक उत्पादन २०२३ मध्ये १ कोटी २९ लाखांवर गेले, २०१८ मध्ये अमेरिका जगातील सर्वांत मोठी कच्च्या तेलाची उत्पादक झाली आणि डिसेंबर २०१५ मध्ये चाळीस वर्षांची निर्यातबंदी उठली. अधिक समजून घेण्यासारखी गोष्ट ही की तेलाची निव्वळ निर्यात करू लागल्यानंतरही हा देश रोज सुमारे ६५ लाख पिंपे कच्चे तेल आयात करतो, आणि त्यातले निम्म्याहून अधिक कॅनडातून येते. याचे कारण तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या पोटात आहे. देशी तेल आटत चालले आहे असे समजून १९८० नंतर मेक्सिकोच्या आखाताकाठच्या कारखान्यांनी व्हेनेझुएला, मेक्सिको आणि कॅनडा येथील डांबरासारखे जड, गंधकयुक्त आणि म्हणून स्वस्त तेल पचवणारी महागडी यंत्रसामग्री बसवली. शेलमधून निघाले ते पातळ, हलके आणि गंधक कमी असलेले तेल. ज्याच्यासाठी पंगत मांडली होती तो पाहुणा वेगळाच निघाला. तेव्हा हलके तेल बाहेर पाठवायचे, जड तेल आत घ्यायचे आणि त्यापासून बनलेले डिझेल-पेट्रोल पुन्हा बाहेर विकायचे, असा व्यवहार सुरू झाला. निव्वळ या शब्दामागे एवढी ये-जा दडलेली असते.

वायूच्या बाबतीत उलटापालट डोळ्यांनी पाहता येईल इतकी स्पष्ट आहे, आणि ती लुइझियाना व टेक्सास यांच्या सीमेवर, सबीन नदीच्या मुखाशी, सबीन पास या ठिकाणी घडली. नैसर्गिक वायू समुद्रापार न्यायचा तर तो उणे १६२ अंश सेल्सियसपर्यंत थंड करून द्रवरूप करावा लागतो; मग त्याचे आकारमान सहाशेपट घटते आणि तो जहाजात भरता येतो. या द्रवीभूत वायूला एलएनजी म्हणतात. २००३ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी संसदेपुढे सांगितले होते की देशाला वायूचा तुटवडा भासत असून आयातीची क्षमता वाढवायला हवी. सर्वसाधारण मत हेच होते. त्यावर विसंबून, पूर्वी उपाहारगृहे चालवणारे शरीफ सूकी यांच्या शेनिएर या कंपनीने सबीन पासला धक्का, जाड इन्सुलेशनच्या अवाढव्य टाक्या आणि द्रव वायू पुन्हा तापवून वाहिनीत सोडणारी यंत्रणा उभारली. २००८ च्या एप्रिलमध्ये हे आयातकेंद्र सुरू झाले, आणि त्याच सुमारास बार्नेट व इतर थरांतून इतका वायू येऊ लागला की आयातीची गरजच उरली नाही. धक्का तयार होता, जहाजे येत नव्हती आणि कंपनी कर्जात बुडालेली होती.

तिने २०१० मध्ये तीच जागा उलट दिशेने चालवण्याची परवानगी मागितली. टाक्या होत्या, धक्का होता, वाहिनी होती. नव्हता तो गोठवण्याचा कारखाना, आणि तोच सर्वांत खर्चिक भाग असतो. वाहिनीतून येणाऱ्या वायूत पाण्याची वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड राहिला तर त्याचा बर्फ होऊन नळ्या तुंबतात, म्हणून आधी ते काढून टाकतात. मग प्रोपेन, एथिलीन आणि मिथेन या वायूंच्या शीतनचक्रांतून तो पायरीपायरीने थंड होत जातो. हे सारे चालवणारी टर्बाइने त्याच वायूतील काही वाटा जाळतात. याच्या प्रत्येक स्वतंत्र साखळीला उद्योगात ट्रेन म्हणतात. डाउ केमिकलसारख्या, वायू कच्चा माल म्हणून वापरणाऱ्या कंपन्यांनी देशी भाव वाढतील म्हणून निर्यातीला विरोध केला. तरीही परवानगी मिळाली आणि २४ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘एशिया व्हिजन’ हे जहाज सबीन पासहून ब्राझीलकडे निघाले. २०१७ मध्ये अमेरिका १९५७ नंतर प्रथमच वायूची निव्वळ निर्यातदार झाली आणि २०२३ मध्ये एलएनजीच्या निर्यातीत जगात पहिली.

निर्यात सुरू झाल्याने देशी वायूचा भाव जगाशी बांधला गेला, याचा पुरावा एका अपघाताने दिला. टेक्सासातील फ्रीपोर्ट येथील निर्यातकेंद्रात ८ जून २०२२ रोजी आग लागली, आणि ते लवकर सुरू होणार नाही असे १४ जूनला जाहीर होताच हेन्री हब (लुइझियानातील वाहिन्यांचे जे ठिकाण देशाच्या वायूभावाचे प्रमाण मानले जाते ते) येथील भाव एका दिवसात सुमारे १६ टक्क्यांनी कोसळला. बाहेर जाणारा वायू देशात अडकल्याने घरचा ग्राहक फायद्यात आला. त्याच महिन्यात पेट्रोलचा राष्ट्रीय सरासरी भाव प्रथमच गॅलनला ५ डॉलरच्या वर गेला होता, कारण युक्रेनवरील रशियाच्या आक्रमणानंतर तेलाचा भाव जगभर चढला होता आणि टेक्सासच्या विहिरीचा मालक तो घरच्या गिऱ्हाइकासाठी कमी करणार नव्हता. १९७३ मधील स्वावलंबनाची कल्पना अशी होती की आयात संपली की परदेशातील उलथापालथींचा उपद्रव संपेल. प्रत्यक्षात पुरवठा तुटण्याची भीती गेली, भावाची राहिली. फरक एवढा की आता भाव चढला की त्यातून होणारी कमाई देशातच राहते, मात्र ती पेट्रोलपंपावर उभ्या असलेल्या माणसाच्या खिशात जात नाही.

पर्यावरणाच्या जमाखर्चात दोन्ही बाजू जड आहेत. स्वस्त वायूने कोळशाला मागे सारले. २००५ मध्ये निम्मी वीज कोळशावर होत होती, २०२३ मध्ये सुमारे १६ टक्के, आणि वीजक्षेत्रातून होणारे कार्बन उत्सर्जन त्यामुळे बरेच घटले. उलट विहिरी, वाहिन्या व साठवणटाक्यांतून गळणारा मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी अधिक उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे गळती किती होते यावर या फायद्याचा बराचसा हिशेब अवलंबून आहे. विहिरींतून तेलाबरोबर येणारे खारे पाणी खोल थरांत पुन्हा दाबून सोडण्याची पद्धत ओक्लाहोमात इतकी वाढली की जेथे वर्षाला ३ किंवा अधिक तीव्रतेचे एखाददुसरे भूकंप होत, तेथे २०१५ मध्ये ते ९०० च्या घरात गेले. सांडपाण्यावर निर्बंध आल्यावर संख्या उतरली.

या साऱ्याचे एक टोक रत्नागिरी जिल्ह्यात येऊन टेकते. सबीन पासहून वर्षाला ३५ लाख टन एलएनजी वीस वर्षे घेण्याचा करार भारताच्या गेल या सार्वजनिक कंपनीने डिसेंबर २०११ मध्ये केला आणि त्या करारातील पहिले जहाज ‘मेरिडियन स्पिरिट’ ३० मार्च २०१८ रोजी दाभोळच्या केंद्रावर लागले. गुहागर तालुक्यात अंजनवेलजवळ असलेले हे केंद्र १९९० च्या दशकात एन्रॉन या अमेरिकी कंपनीने आपल्या वीजप्रकल्पासाठी आखले होते, आणि तेथे ओमान व अबुधाबीचा वायू उतरवायचा बेत होता. २००१ मध्ये विजेच्या दरावरून राज्य वीज मंडळाशी झालेल्या तंट्यात प्रकल्प बंद पडला, त्याच वर्षाअखेर एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली आणि अर्धवट राहिलेले वायुकेंद्र २०१३ मध्ये भारतीय सार्वजनिक कंपन्यांच्या हातून सुरू झाले. अमेरिकी कंपनीने आखलेल्या धक्क्यावर अमेरिकेचाच वायू कधी उतरेल, हे तो आखणाऱ्यांपैकी कोणाच्या स्वप्नातही नसावे, कारण तेव्हा तो देश स्वतःच वायूची आयात करत होता. करारातील सूत्रानुसार जहाजावर चढताना वायूची किंमत हेन्री हबच्या भावाच्या ११५ टक्के अधिक ३ डॉलर अशी असते. म्हणजे तेथे दर एककाला ३ डॉलर भाव असेल तर येथे ६.४५ डॉलर, आणि वर जहाजाचे भाडे. पंधरा टक्क्यांत वाटेत व कारखान्यात जळणाऱ्या वायूचा खर्च येतो, तर तीन डॉलर गोठवण्याबद्दलचे असून माल उचलला नाही तरी द्यावे लागतात. तेलाशी बांधलेल्या आखाती करारांपेक्षा हे सूत्र वेगळे, कारण यात शिकागो-बोस्टनची थंडी किती कडक पडली हेही किमतीत उतरते. त्या काळी दाभोळचा लाटारोधक बांध अपुरा होता, त्यामुळे जूनपासून पुढे चार महिने तेथे जहाज लावता येत नसे, आणि शिकागोच्या हिवाळ्यावर भाव ठरलेला वायू गुहागरात उतरवायचा तर आधी कोकणातला पावसाळा सरावा लागे.